हेडफोनचे वजन आणि पकडही छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनची तुलना करणारा लेख आला आहे. तक्ता मेहनतीने केलेला दिसतो. ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा आतला भाग) किती मिलिमीटरचा, ब्लूटूथ कोणत्या आवृत्तीचे, बॅटरी किती तास चालते, फ्रिक्वेन्सी कुठून कुठपर्यंत, सारे त्यात सापडते. वजन मात्र सापडत नाही. आणि डोक्यावर घातल्यावर कसे वाटते याबद्दल प्रत्येक मॉडेलच्या वाट्याला एकच शेरा आला आहे : 'कानांना आरामदायक'. सगळ्यांना तोच शेरा लागू पडत असेल तर त्यावरून निवड कशी करायची? म्हणून हे पत्र.

माझे काम ध्वनिपुस्तके तपासण्याचे आहे. निवेदकाने वाचलेला मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहायचा. गाळलेला शब्द, घसरलेला उच्चार, दोन वाक्यांच्या मध्ये घेतलेला जोराचा श्वास, पान उलटल्याची सळसळ, ओठ सुटताना होणारा बारीक चट्‌ असा आवाज, हे सगळे टिपायचे. दिवसाचा बहुतेक वेळ हेडफोन डोक्यावर असतो. शिवाय मला चष्मा आहे. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे : आराम आणि आवाज यांना दोन वेगळ्या रकान्यांत टाकता येत नाही. जो हेडफोन डोक्यावर नीट बसत नाही, त्यातून येणारा आवाज हा बनवणाऱ्याने ठरवलेला आवाज नसतोच.

याचे कारण सरळ आहे. बंद पाठीच्या, म्हणजे बाहेरची बाजू बंद असलेल्या हेडफोनमध्ये कप (कानावरची वाटी), पॅड (तिच्या कडेची गादी) आणि डोके यांच्यामध्ये हवेची एक छोटी पोकळी कोंडली जाते. खालचे सूर, म्हणजे बेस, त्या कोंडलेल्या हवेच्या जोरावर कानापर्यंत पोहोचतात. पॅड आणि कातडी यांच्यात कुठे फट राहिली की सर्वांत आधी हेच सूर गळतात. त्यासाठी फट फार मोठी असावी लागत नाही. चष्म्याची काडी पुरते. काडी जिथे कानावरून मागे जाते तिथे पॅड किंचित उचलला जातो आणि काडीच्या दोन्ही अंगांना बारीक बोगदा तयार होतो. कानामागचे दाट केस, कल्ल्यांजवळची दाढी, जबड्याच्या हाडामागचा खळगा, यांनीही तेच होते. पुरुष निवेदकाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. पॅड नीट बसला नाही की त्याचा भारदस्त खर्ज पातळ होतो आणि तो घशातल्या घशात बोलतो आहे असे वाटू लागते. दोष ध्वनिमुद्रणाचा नसतो, निवेदकाचा तर नसतोच.

हे कुणालाही तपासून पाहता येते. ओळखीचे, खर्ज असलेले काहीतरी लावावे, दोन्ही तळहात कपांवर ठेवावेत आणि हलकेच आत दाबावे. दाबल्याबरोबर बेस एकदम भरून आला तर समजावे की एरवी तो फटीतून निघून जात होता. हात काढल्यावर फारसा फरक पडत नसेल तर पॅड छान बसला आहे. मग चष्मा काढून आणि घालून हेच करावे. नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गलका इलेक्ट्रॉनिक रीतीने कापण्याची सोय) असलेल्या अनेक हेडफोनमध्ये कपाच्या आतही मायक्रोफोन असतो आणि तो ही गळती काही प्रमाणात भरून काढतो, म्हणून तिथे फरक कमी जाणवतो. साध्या वायरच्या बंद हेडफोनमध्ये मात्र तो ठळक कळतो. आपल्या परीक्षकांनी एवढे जरी प्रत्येक मॉडेलवर करून त्याचा निकाल छापला असता तरी चष्मेवाल्या वाचकांचे भले झाले असते.

आता पकड. फट राहू नये म्हणून हेडबँडने डोके घट्ट धरायला हवे, आणि घट्ट धरले की दुखते. सगळी ओढाताण इथेच आहे. कानाची वरची कड म्हणजे नुसती कूर्चा आणि तिच्यावर ताणून बसवलेली पातळ कातडी; तिथे चरबीची गादी नाही. चष्म्याची काडी आणि डोक्याचे हाड यांच्यामध्ये ही कड सापडली आणि वरून पॅडने रेटले, की तासाभरात कानाच्या मुळाशी ठणका लागतो. दुकानात घालून पाहताना हे कळत नाही. उलट घट्ट बसणारा हेडफोन पहिल्या पाच मिनिटांत फार चांगला वाटतो, कारण बेस भरीव येतो आणि बाहेरचा गलका दबतो. पकड न्यूटनमध्ये मोजता येते, त्यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि सगळ्या मॉडेलसाठी दोन कपांमधले अंतर तेवढेच धरून मोजली तर आकडे एकमेकांशी ताडताही येतात.

नव्या हेडफोनची पकड पुढे सैल होते हे खरे, पण किती होईल ते हेडबँड कशाचा आहे यावर ठरते. आत पोलादी पट्टी असेल तर ती हळूहळू, थोडी थोडी वाकवून सैल करता येते. किंवा डोक्याएवढ्या रुंद पुस्तकांच्या चळतीवर हेडफोन रात्रभर ताणून ठेवला तरी फरक पडतो. हेडबँड निव्वळ प्लॅस्टिकचा असेल तर असले काही करू नये, तो सांध्याशी तडकतो. परीक्षणात ही माहिती एका ओळीत बसते.

वजनाबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तेच तक्त्यातून गायब आहे. स्टुडिओत वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या मॉडेलांकडे पाहा. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून बाजारात आहे. वायर सोडून त्याचे वजन सुमारे २३० ग्रॅम. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा, वजन सुमारे २६० ग्रॅम. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो सुमारे २७० ग्रॅम. सोनीचा नॉइज कॅन्सल करणारा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ बॅटरी आणि सगळा इलेक्ट्रॉनिक पसारा धरून सुमारे २५० ग्रॅममध्ये बसतो. दुसऱ्या टोकाला २०२० मध्ये आलेला ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा आहे, आणि ऑडीझीच्या एलसीडी-एक्ससारखे मोठे प्लेनर हेडफोन ६०० ग्रॅमच्या पुढे जातात. प्लेनरमध्ये पातळ पडद्याच्या जवळ चुंबकांची रांग बसवावी लागते, म्हणून वजन वाढते. त्याचा आवाज अप्रतिम असू शकतो, मी स्वतः ऐकलेला आहे. पण दिवसभर मान खाली घालून छापील प्रत वाचणाऱ्या माणसाने तो घ्यावा का, हा प्रश्न वेगळा आहे.

अर्थात ग्रॅमचा आकडाही अर्धीच गोष्ट सांगतो. ते वजन डोक्यावर पसरते कसे, यावर बरेच अवलंबून असते. जाड, गुबगुबीत दिसणारी गादी टाळूवर एकाच जागी टेकत असेल तर तिथे रग लागते. माझ्याकडे पूर्वी असा एक हेडफोन होता. दिसायला भरगच्च, पण दुपारनंतर टाळूच्या मधोमध रुपयाएवढी जागा दुखायची आणि हेडफोन काढल्यावरही दुखत राहायची. याउलट वरच्या कमानीखाली वेगळी लवचिक पट्टी टांगलेली असते ती रचना साधी दिसते, पण डोक्याच्या गोलाईवर ती अख्खी टेकते आणि भार वाटून घेते. एकेजीच्या के२४० मध्ये ती आहे. परीक्षकाने हेडफोन निदान दोन तास सलग घालून बसावे आणि मग टाळूला, कानामागे, जबड्याजवळ काय वाटले ते लिहावे. पुढे झुकल्यावर तो सरकतो का, हेही पाहावे.

पॅडचा विषय आपल्या लेखात एका शब्दात संपला आहे : 'मऊ'. मऊपणा हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. आधी पाहायचे ते आतल्या भोकाची लांबी-रुंदी आणि खोली. प्रौढ माणसाचा कान साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर उंच असतो, आणि वयाबरोबर तो मोठा होत जातो. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरांनी मोजमापे घेऊन हे दाखवले होते. वाढ वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर निघाली होती. म्हणजे तिशीत ज्या पॅडमध्ये कान आरामात मावत होता, त्याच पॅडच्या कडेला साठीत कान घासू शकतो. कान पूर्ण झाकणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक हेडफोनच्या पॅडचे भोक इतके अरुंद असते की कानाची पाळी पॅडखाली चेपली जाते. खोली कमी असेल तर कानाची कड ड्रायव्हरवरच्या जाळीला टेकते, आणि तिथे पातळ कापडाआड कडक प्लॅस्टिक असते. ही तीन मापे साध्या मोजपट्टीने घेता येतात.

मग कापड. कृत्रिम चामड्याचा पॅड हवा कोंडतो, म्हणून बेस धरून ठेवतो आणि बाहेरचा आवाज अडवतो. पण त्याच कारणाने आत उबारा साठतो आणि कान घामेजतात. मखमली पॅडमधून हवा खेळते, कातडीला ते सुखाचे, चष्म्याच्या काडीभोवतीही ते जरा बरे बसतात. पण त्यांतून थोडा बेस निसटतो. म्हणूनच एकाच हेडफोनला दुसऱ्या प्रकारचे पॅड लावले की आवाज बदलतो, आणि कधी कधी इतका बदलतो की तो वेगळाच हेडफोन वाटतो. पॅडची जाडी बदलली की ड्रायव्हर आणि कान यांतले अंतर बदलते, आणि त्याचा परिणाम वरच्या सुरांवर होतो. जुने, दबलेले पॅड असलेल्या हेडफोनचा आवाज बिघडल्यासारखा वाटतो तो यामुळेच. ड्रायव्हर शाबूत असतो. नवे पॅड घातले की आवाज परत येतो.

नवे पॅड मिळाले तर! कृत्रिम चामड्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमटपणा आणि घामाने सुटत जातो. एक दिवस मानेवर, खांद्यावर, छापील प्रतीवर काळे कपचे पडलेले दिसतात आणि पॅडचे पांढरे अस्तर उघडे पडते. माझ्या त्या जुन्या हेडफोनचे असे झाले तेव्हा कंपनीने सुटे पॅड विकत नसल्याचे कळवले आणि नवे मॉडेल पाहण्याचा सल्ला दिला. आवाजात काहीही दोष नसलेली वस्तू दोन वर्तुळाकार गाद्यांपायी टाकून द्यायची, याचा मला आजही संताप येतो. पॅड हा झिजणारा भाग आहे, झाडूसारखा. तो सुटा मिळतो का, घरच्या घरी ओढून काढता येतो का की गोंदाने चिकटवलेला आहे, हे प्रत्येक परीक्षणात आलेच पाहिजे. बॅटरीचेही तेच. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीत, फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या काही अपवाद वगळता वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत अशी तरतूद आहे. वायरच्या हेडफोनमध्ये हा प्रश्नच येत नाही, हे त्याच्या बाजूचे एक मोठे कारण आहे. वायर सुटी निघते का, एवढेच तिथे पाहावे.

आवाजाबद्दल आपल्या लेखात जे आकडे दिले आहेत त्यांतले बरेचसे वाचकाच्या उपयोगाचे नाहीत, हे मला आदरपूर्वक सांगायचे आहे. 'फ्रिक्वेन्सी २० ते २०,००० हर्ट्झ' हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेले असते. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो हे दिले नसेल तर त्या ओळीला अर्थ उरत नाही. ४०,००० हर्ट्झचा दावा तर माणसाच्या कानाच्या पलीकडचा, आणि वरची मर्यादा वयाबरोबर खाली येते ती वेगळीच. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा आहे म्हणून ४० मिलिमीटरपेक्षा बेस चांगला, असेही नाही. एमडीआर-७५०६ चा ड्रायव्हर ४० मिलिमीटरचाच आहे.

इम्पिडन्सचा, म्हणजे हेडफोन विजेच्या प्रवाहाला किती विरोध करतो त्याचा आकडा मात्र द्यायला हवा होता. एचडी ६०० हा ३०० ओमचा आहे. फोनला जोडला तर त्याचा आवाज पुरेसा वर जाईलच असे नाही. डीटी ७७० प्रो तर ३२, ८० आणि २५० ओम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो आणि नाव न्याहाळून न पाहणाऱ्याला नको ते हातात पडते.

ऐकताना माझी पहिली कसोटी 'स' आणि 'श'ची असते. 'स'मधला सुसकारा साधारण ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या भागात असतो. पहिल्या ऐकण्यात चकाचक वाटावे म्हणून पुष्कळ हेडफोनमध्ये नेमका हा भाग उचललेला असतो. थोड्या वेळाने प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतो आणि कान थकतात. हा थकवाही आरामाचाच भाग आहे, पॅड कितीही मऊ असोत. त्याउलट हा भाग फार दाबलेला असेल तर ओठांची चट् आणि श्वास ऐकू येत नाहीत आणि माझे कामच होत नाही. दुसरी कसोटी निवेदकाच्या आवाजाच्या जागेची : एकट्याचा आवाज बरोबर मध्यभागी आला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत, किंवा एका बाजूचा पॅड नीट बसलेला नाही.

ब्लूटूथबद्दल एवढेच सांगते की कोडेकच्या (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतींच्या) नावांपेक्षा वाचकाला एक गोष्ट सांगणे जास्त गरजेचे आहे. बहुतेक ब्लूटूथ हेडफोनचा स्वतःचा मायक्रोफोन चालू झाला की जोडणी संभाषणाच्या पद्धतीवर जाते आणि येणारा आवाज टेलिफोनसारखा, मोनो (दोन्ही कानांत एकच) होतो. ऑनलाइन बैठकीत आवाज असा का येतो म्हणून लोक हेडफोन बदलत बसतात.

मोकळ्या पाठीच्या हेडफोनचा आपल्या तुलनेत उल्लेखही नाही. १९६८ मध्ये सेनहायझरच्या एचडी ४१४ पासून हा प्रकार बाजारात आला. पाठ उघडी असल्याने आत हवा कोंडत नाही, कान तापत नाहीत, आवाज डोक्यात न घुमता जरा बाहेर मोकळा वाटतो. शांत खोलीत एकट्याने ऐकणाऱ्याला याहून सुखाचे काही नाही. गोंगाटात किंवा दुसऱ्याच्या शेजारी बसून ऐकायला तो चालत नाही, कारण आवाज दोन्ही दिशांनी जातो.

गोंगाटाचा मुद्दा आरोग्याशी जोडलेला आहे, म्हणून तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये दिलेल्या मानकानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ज्याचा पॅड गळतो तो माणूस गेलेला बेस परत आणण्यासाठी आवाज वाढवतो, आणि गळक्या पॅडमधून बाहेरचा गलका आत येतो म्हणून आणखी वाढवतो. नीट बसणारा, पण न दुखवणारा पॅड म्हणजे कमी आवाजात ऐकण्याची सोय. नॉइज कॅन्सलेशनचाही खरा लाभ हाच; पंखा, इंजिन, विमान यांची सलग घरघर ते छान कापते, शेजारचे बोलणे मात्र तितके कापत नाही, तिथे पॅडच कामाला येतो.

तेव्हा पुढच्या वेळी तक्त्यात ग्रॅममधले वजन, पकड, पॅडची आतली मापे आणि सुटे पॅड मिळतात की नाही, हे चार रकाने जरूर घाला. जागा कमी पडत असेल तर ड्रायव्हरचा व्यास आणि ४०,००० हर्ट्झचे दावे काढून टाका, कुणाचे काही अडणार नाही.

आणि परीक्षण एकाच माणसाकडून करवून घेऊ नका. एक चष्मा लावणारा हवा, एक मोठ्या कानांचा हवा, आणि एक कानामागे बसणारे श्रवणयंत्र वापरणाराही हवा. त्या यंत्राचा मायक्रोफोन कानाच्या वरच्या बाजूला मागे असतो. म्हणून कप तिथपर्यंत पोहोचेल इतका उंच आणि यंत्राला न टेकण्याइतका खोल लागतो. टेकला की यंत्र शिट्टी मारू लागते. ध्वनिपुस्तकांच्या श्रोत्यांमध्ये असे वापरकर्ते आहेत. कोणता हेडफोन घ्यावा असे त्यांनी विचारले की मला दाखवायला एकही छापील परीक्षण सापडत नाही.

आपली,
एक वाचक, ध्वनिपुस्तकांची तपासनीस